माणसं नसलेलं पुस्तक

वाचनालयात शिरल्यावर डाव्या हाताला, बाईंच्या टेबलाला खेटून दोन कप्प्यांची एक लोखंडी गाडी उभी असते ना, ती मी बोलतेय. वाचून परत आलेली पुस्तकं माझ्यावर ठेवतात. "गाडीवर ठेवा," एवढंच दिवसभर माझ्याबद्दल बोललं जातं, आणि तेही माझ्याकडे न बघता. मला बोलायची सवय नाही, कुरकुरायची आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

जन्मानं मी पुस्तकांची नव्हे, चहाची आहे. मला बनवणारा वेल्डर कामात चोख होता. पण माझं शेवटचं चाक बसवायच्या वेळेला त्याला घरून जेवायचं बोलावणं आलं, आणि भुकेल्या माणसाच्या हातून जे व्हायचं ते झालं. तेव्हापासून माझं पुढचं उजवं चाक कुरकुरतं. दुकानाच्या मालकानं मला दोनदा पुढेमागे ढकलून बघितलं, "चालतंय" म्हणाला आणि एका मोठ्या कचेरीत पाठवून दिलं.

त्या कचेरीत मी टेबलांच्या रांगांमधून चहा-कॉफी घेऊन फिरायचे. माणसं मला पहिल्यांदा तिथे कळली. आपल्याला काय हवंय हे माणसाला धड सांगता येत नाही, पण शेजाऱ्यानं काय घेतलं यावर त्याचा बरोबर डोळा असतो. एकानं बिनसाखरेचा चहा मागितला की त्या रांगेत सगळ्यांनाच एकदम तब्येतीची काळजी वाटायला लागायची. कुणी कॉफी उचलली की ज्यांच्या हातात चहा होता त्यांची तोंडं उतरायची. पुढे कचेरीत चहाचं यंत्र आलं आणि माझी रवानगी जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी झाली. तिथे मी किती काळ होते ते मला सांगता येणार नाही, कारण जिन्याखाली दिवस असा उगवतच नाही. एकदा कचेरीनं जुनं सामान वाटून टाकलं, आणि एका कपाटाबरोबर मी या वाचनालयाच्या वाट्याला आले.

इथल्या ग्रंथपालांना सगळे बाईच म्हणतात. तेव्हा त्या नव्यानंच नोकरीला लागल्या होत्या. त्यांनी मला आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं पुसलं, वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, "चहाचा वास येतोय. असू दे, बरा आहे." मला ढकलणारे पुष्कळ भेटले होते, पण माझ्याबद्दल काही बरं बोलणाऱ्या त्याच पहिल्या.

बाईंना एक खोड होती. एखादं पुस्तक आवडलं की ते दुसऱ्या कुणाला तरी दिल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. म्हणून त्यांनी दाराजवळ एक छोटं टेबल मांडलं, त्यावर धुतलेला कपडा अंथरला आणि "बाईंची निवड" अशी सुबक पाटी लावली. लोक यायचे, पाटी वाचायचे, मान डोलवायचे, "वा, नक्की वाचणार," म्हणायचे आणि दुसरंच काहीतरी घेऊन जायचे. कुणी आपल्याला शहाणं करायला बघतंय असा संशय आला की माणूस चार पावलं लांबूनच जातो. टेबलावर धूळ बसायला लागली. बाई रोज ती पुसायच्या, आणि पुसताना त्यांचा चेहरा बघवत नसे.

एकदा तो कपडा धुवायला काढायचा म्हणून बाईंनी टेबलावरची पुस्तकं उचलून तात्पुरती माझ्या वरच्या कप्प्यात ठेवली. संध्याकाळपर्यंत त्यातलं एकही उरलं नाही. परत आलेलं पुस्तक म्हणजे कुणीतरी घरी नेऊन वाचलेलं पुस्तक. त्यात काहीतरी असणार, नाहीतर कोण कशाला नेईल? कपाटांत शेकडो पुस्तकं नीट लावून ठेवलेली, पण आलेला प्रत्येक जण आधी माझ्यावर वाकायचा. बाई बघतच राहिल्या. मला नवल वाटलं नाही, मी कचेरीत चहा वाटलेली होते.

दुसऱ्या दिवशी ती पाटी गेली. बाई पुस्तक स्वतः घरी नेऊन वाचायच्या आणि मग माझ्या वरच्या कप्प्यात, खिडकीकडच्या टोकाला, अगदी सहज ठेवल्यासारखं ठेवायच्या. यात खोटं काहीच नव्हतं. त्यांनी नेलेलं असायचं, वाचलेलं असायचं आणि परत केलेलं असायचं. फक्त ते कुणासाठी परत केलंय, हे त्यांना आणि मला ठाऊक असायचं.

शिवणकाम करणाऱ्या एक मावशी होत्या. पुस्तकात खून झाला नाही तर त्यांना फसवल्यासारखं वाटायचं. त्यांच्यासाठी बाईंनी शवविच्छेदन करणाऱ्या एका डॉक्टरचं खरंखुरं अनुभवकथन ठेवलं. मावशींनी ते खुनाची गोष्ट समजून नेलं, आणि परत करताना म्हणाल्या, "बाई, यातला डॉक्टर काय हुशार आहे हो. पुढच्या भागात लग्न होतं का त्याचं?" नकाशे काढण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा होते. ते फक्त खरं वाचायचे. कादंबरी म्हणजे बनवाबनवी, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्यासाठी बाईंनी एक कादंबरी ठेवली. तिच्यातला मोजणीदार आळसापायी नकाशावर एक नसलेली टेकडी काढतो, आणि मग तिथे जमीन घ्यायला लोक निघतात. आजोबांनी नकाशाचं चित्र बघून पुस्तक उचललं. परत आणलं तेव्हा कपाळावर आठ्या होत्या. "असं कधी होऊच शकत नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "याच माणसाचं आणखी काही परत आलंय का?"

बाईंचं हे गुपित फक्त त्यांच्या यजमानांना माहीत होतं. ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होते. संध्याकाळी बाईंना न्यायला यायचे, खिडकीपाशी बसायचे आणि माझ्याकडे बघून मिश्किल हसायचे. "आज कोण गळाला लागलं?" असं विचारायचे. स्वतः मात्र जन्मात एक पुस्तक वाचलं नाही. बाईंनी त्यांच्यापुढे काय काय ठेवून बघितलं, पण ते म्हणायचे, "अगं, तू वाचतेस ना, मग मला सांग. सांगितलेलं मला जास्त कळतं." आणि बाई सांगायच्या. घरी जाताना वाटेत, घरी भाजी चिरताना, जेवताना. दुसऱ्या दिवशी इथे येऊन आजोबांना म्हणायच्या, "काल मी यांना तुमच्या त्या टेकडीची गोष्ट सांगितली, हसून हसून ठसका लागला." त्या वाचत होत्या एकट्याच, पण वाचन दोघांचं चाललं होतं.

मग लिफ्टवाले यायला लागले. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचे, म्हणून लिफ्टवाले. अवजारांची पिशवी दाराशी ठेवायचे, हात दोनदा पुसायचे आणि मगच पुस्तकाला हात लावायचे. त्यांची बायको हळूहळू सगळं विसरत चालली होती. दुपारी तिची बहीण घरी येऊन बसायची, तेवढा वेळ ते इथे येऊन बसायचे. हे बाईंना मावशींकडून कळलं, कारण मावशींना सगळं कळतं.

बाईंनी पुष्कळ शोधून एक कादंबरी काढली. एका घड्याळजीची होती. त्याची बायको त्याला ओळखेनाशी होते, तरी तो रोज तिच्याजवळ बसून राहतो. फार सुंदर पुस्तक आहे, असं त्या घरी यजमानांना म्हणाल्या होत्या, आणि सांगताना मध्येच रडल्याही होत्या. इतक्या, की शेवट सांगायचा राहूनच गेला. पुस्तक माझ्या टोकावर आलं. लिफ्टवाल्यांनी ते उचललं, चाळलं आणि नेलं.

दुसऱ्याच दिवशी ते पुस्तक घेऊन आले. माझ्यावर ठेवलं नाही. थेट बाईंच्या समोर ठेवलं.

"बाई, हे तुम्ही माझ्यासाठी ठेवलं होतं ना?"

बाईंना इतक्या वर्षांत असं कुणी पकडलं नव्हतं.

"रागावलो नाही," लिफ्टवाले म्हणाले. "पण जे घरी आहे ते मी रोज वाचतोच आहे की. इथे येतो तो त्यातून घटकाभर सुटायला. तुम्ही मला परत घरीच पाठवलंत."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. मग पुस्तक बाजूला सारून, "काय देऊ तुम्हाला?"

"माणसं नसलेलं काहीतरी द्या. कुणी कुणावर प्रेम करत नाही, कुणी आजारी पडत नाही, असलं काहीतरी."

असं पुस्तक शोधायला गेलात तर कळेल. प्राण्यांच्या पुस्तकात त्यांना पाळणारा माणूस असतो, झाडांच्या पुस्तकात लेखकाचं बालपण असतं. बाईंनी सगळी कपाटं पालथी घातली आणि शेवटी दगडांवरचं एक जाडजूड पुस्तक काढलं. दगड कसे बनतात, नदीत कसे गोल होतात, त्यांची वाळू कशी होते. दुसरं काही नाही. लेखकसुद्धा त्यात कुठे मध्ये बोलत नाही. लिफ्टवाल्यांनी ते नेलं आणि मुदत वाढवून वाढवून ठेवलं. परत आणलं तेव्हा खूश होऊन त्यांनी माझ्या चाकात ग्रीस भरायला घेतलं. बाई म्हणाल्या, "अगदी गप्प करू नका हो तिला. येतेय ते कळलं पाहिजे." म्हणून माझी कुरकुर थोडी शिल्लक आहे.

आणि मग बाईंचे यजमान गेले. पंपघरातून घरी आले, जरा पडतो म्हणाले, आणि उठलेच नाहीत.

बाई काही दिवसांनी कामावर आल्या. पुस्तकं द्यायच्या, घ्यायच्या, शिक्का मारायच्या. पण घरी काही न्यायच्या नाहीत. माझ्या वरच्या कप्प्याचं खिडकीकडचं टोक रिकामं राहायला लागलं. लोक सवयीनं माझ्यावर वाकायचे, आणि दोन-चार मळकी पुस्तकं उलटीसुलटी करून निघून जायचे. मला फार वाईट वाटायचं. लोखंडाला काय वाटणार, असं म्हणाल. पण रोज ज्याच्या हाताची सवय असते, तो हात गेला की लोखंडालाही कळतं.

एकदा बाई आत गेल्या असताना मावशी नकाशेवाल्या आजोबांना म्हणाल्या, "बाईंनी वाचन सोडलंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"गाडीवरून. त्या टोकाची पुस्तकं बाईच ठेवायच्या, आपल्यासाठी. तुम्हाला माहीत नव्हतं? अहो, खरं परत आलेल्या पुस्तकाला कुणाच्या तरी घरचा वास असतो. फोडणीचा, औषधाचा, कसला ना कसला. त्या टोकाच्या पुस्तकांना कायम बाईंच्या साबणाचा वास यायचा."

इतके खून वाचल्याचा काहीतरी उपयोग झालाच म्हणायचा. आजोबा मात्र हबकले. "म्हणजे ती टेकडी…" एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले.

त्या दिवसापासून उलटं सुरू झालं. मावशींनी एक रहस्यकथा नेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आणून माझ्या टोकावर ठेवली, बाईंना दिसेल अशी. आजोबांनी एका सर्जनचं चरित्र ठेवलं. कुणी मृत्यूनंतर काय होतं यावर ठेवलं, कुणी एकट्यानं आनंदात कसं जगावं यावर. कुणी नवरा गेलेल्या बाईची कादंबरी ठेवली, आणि ती तर एकाच आठवड्यात दोघींनी ठेवली. सगळ्यांचा जीव तुटत होता, पण प्रत्येक जण आपल्याला रुचेल ते बाईंच्या ताटात वाढत होता. बाईंना काय ते कळलं होतंच. त्या प्रत्येक पुस्तकावरून हात फिरवायच्या आणि ते उचलून कपाटात आपापल्या जागी लावून टाकायच्या.

शेवटी मावशींना राहवलं नाही. "बाई, एखादं तरी न्या की घरी. जरा मन रमेल."

"नेईन हो," बाई म्हणाल्या. मग शिक्का खाली ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "वाचून सांगायचं कुणाला, मावशी? अर्धं पान वाचलं की हे सांगितलं पाहिजे असं वाटतं, आणि मान वर करते तर समोर कुणी नाही. पुस्तकात माणसं बोलायला लागली की मला सहन होत नाही." मावशींनी डोळ्याला पदर लावला.

लिफ्टवाले तेव्हा माझ्या पलीकडेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी ते दगडांचं पुस्तक माझ्या टोकावर आलं. मावशींनी ते पाहिलं आणि लिफ्टवाल्यांना बाजूला घेतलं. "अहो, दुःखातल्या बाईला कुणी दगड देतं का?"

"मला दिले होते," लिफ्टवाले म्हणाले.

बाई पुस्तकं लावायला उठल्या, त्यांचा हात त्या पुस्तकावर थांबला. लिफ्टवाले लांबूनच म्हणाले, "त्यात सांगण्यासारखं काहीच नाही, बाई. नुसतं बघायचं. एका चित्रात तेवढा एक माणूस आहे. कडा केवढा मोठा आहे ते कळावं म्हणून उभा केलाय. पण पाठमोरा आहे, त्रास नाही त्याचा."

बाईंनी ते कपाटात लावलं नाही. संध्याकाळी वाचनालय बंद करताना त्यांनी दिवे घालवले, दारापर्यंत गेल्या, परत फिरल्या आणि ते माझ्यावरून उचलून पिशवीत घातलं. माझा जीव भांड्यात पडला.

ते पुस्तक बाईंकडे फार दिवस राहिलं. मुदत वाढवायला त्यांनी स्वतःलाच विचारलं असेल. एका दुपारी त्यांनी ते आणून माझ्या टोकावर ठेवलं, आणि लिफ्टवाले आल्यावर म्हणाल्या, "झालं वाचून. वाळू कशी होते ते कळलं. पण तो कड्याखालचा माणूस हो. रोज रात्री ते पान उघडायचे. हा वळला तर कसा दिसेल, घरी कोण असेल याचं, असं मनात यायला लागलं."

"मलाही तसंच झालं होतं," लिफ्टवाले म्हणाले. "तसं व्हायला लागलं की समजायचं, आता माणसं चालतील." त्यांनी हात पुसले आणि पिशवीतून ती घड्याळजीची कादंबरी काढली. "मध्यंतरी मी कपाटातून काढून नेली होती. तुम्ही ठेवली तेव्हा वेळ आली नव्हती एवढंच."

"मी वाचलेली आहे ही," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे. मीही वाचली, पण शेवटचं प्रकरण सोडून. तिथे आलो की हात थांबतो. पुढे काय वाढून ठेवलंय कोण जाणे." त्यांनी पुस्तक बाईंपुढे केलं. "सकाळी तिनं मला विचारलं, लिफ्ट दुरुस्त करायला आलात का. म्हटलं, हो. म्हणजे कामाचा माणूस म्हणून तरी ओळखलं. बाई, तेवढं प्रकरण परत वाचा आणि मला सांगा. तुम्ही सांगितलेलं मला झेपेल."

बाईंनी पुस्तक हातात घेतलं. सांगा, हा शब्द यजमान गेल्यापासून त्यांना कुणी म्हटला नव्हता. डोळे भरून आले, पण त्यांनी ते पुसले नाहीत.

दोन दिवसांनी बाई माझ्या एका बाजूला उभ्या होत्या आणि लिफ्टवाले दुसऱ्या. मध्ये मी. मावशी लांब कपाटाआड उभ्या राहून आपण ऐकत नाही असं दाखवत होत्या.

"तिला आठवत नाही," बाई म्हणाल्या. "शेवटपर्यंत नाही आठवत. ते मी लपवणार नाही."

लिफ्टवाल्यांनी मान हलवली.

"तिला वाटतं, हा घड्याळाला किल्ली द्यायला येणारा माणूस आहे. पण ती सकाळपासून त्याची वाट बघते. तो आला नाही तर जेवत नाही. शेवटच्या पानावर तो जायला निघतो, तेव्हा ती विचारते, उद्या याल ना? तो येईन म्हणतो. संपलं."

लिफ्टवाल्यांनी माझी दांडी घट्ट धरली. "एवढंच?"

"एवढंच."

"मग वाचता येईल मला," ते म्हणाले. पुस्तक उचललं, पिशवी घेतली आणि दाराशी जाऊन परत वळले. "बाई, पुढचं काय वाचताय ते सांगाल ना?"

"या उद्या," बाई म्हणाल्या.

आता माझ्या खालच्या कप्प्याला गंज चढलाय. एक दांडी वाकलीय. वाचनालय चालवणाऱ्या मंडळाच्या लोकांना इथे भिंतीत एक फट पाडून परतीची पेटी बसवायची आहे, पुस्तक बाहेरूनच आत टाकता येईल अशी. बसवतील बापडे. पण तुम्ही चांगलं काही वाचलंत तर ते त्या फटीत ढकलून जाऊ नका. आत या, माझ्यावर ठेवा, आणि शक्य झालं तर घटकाभर माझ्या बाजूला उभे राहा. पलीकडे कुणीतरी हात पुसून उभं असेल, त्याला सांगा. माझ्या वरच्या कप्प्यातलं खिडकीकडचं टोक आज पुन्हा भरलेलं आहे, आणि त्याला साबणाचा वास येतोय.